विश्लेषण : पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळाचे दुखणे कोण मोजणार?

बाळ जन्मून जेमतेम दोन दिवस झालेले असतात. हिरवी उलटी होते, पोट फुगते, किंवा शीची जागाच तयार झालेली नसते. वसईत होळी, पापडी किंवा नायगावच्या एखाद्या प्रसूतिगृहात असे लक्षात आले, की बाळाला बहुधा मुंबई गाठावी लागते. घोडबंदरच्या पुलावरची कोंडी पार करून रुग्णवाहिका परळला किंवा शीवला पोहोचते, शस्त्रक्रिया होते आणि बाळ ‘काचेत’ जाते. बाहेर बाकावर बसलेली माणसे डॉक्टरांना एकच विचारतात, वाचेल ना? प्रश्न रास्तच आहे. पण त्याला दुखत असेल, त्यावर काय दिले, हा प्रश्न फार थोडे विचारतात. विचारला तर चालतो, आणि विचारायलाच हवा.

इतक्या लहान बाळाला दुखते का?

दुखते, आणि बहुधा आपल्यापेक्षा जास्त. गर्भाच्या साधारण २४ ते २६ आठवड्यांपर्यंत वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू कामाला लागलेले असतात. मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी यंत्रणा मात्र जन्मानंतरही बराच काळ कच्ची असते. म्हणजे घंटा वाजते, पण तिचा आवाज कमी करणारे बटण अजून बसवलेले नसते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक ते सहा दिवसांच्या दहा बाळांच्या तळपायाला बारीक टोचणी देऊन मेंदूचे चित्रण केले. मोठ्या माणसांत वेदनेच्या वेळी मेंदूचे जे २० भाग जागे होतात, त्यांपैकी १८ बाळांतही जागे झाले. मोठ्यांच्या मेंदूने जितका प्रतिसाद दिला, तितका प्रतिसाद बाळांच्या मेंदूने चौपट हलक्या टोचणीला दिला.

मग पूर्वी भूल का देत नसत?

हे वाचून अनेकांना धक्का बसेल, पण १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांतही नवजात बाळांवर पुरेशा वेदनाशामकाशिवाय शस्त्रक्रिया होत होत्या. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध देत आणि सोबत थोडा नायट्रस ऑक्साइड वायू. कधी तोही नाही. बाळाचे मज्जातंतू अपुरे असतात, त्याला आठवत नाही, आणि भूल दिली तर ते दगावेल, अशी कारणे सांगितली जात. शेवटची भीती अगदीच खोटी नव्हती. त्या काळातील औषधे आणि उपकरणे इतक्या लहान जिवासाठी खरोखर धोक्याची होती.

१९८५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जेफ्री लॉसन या अकाली जन्मलेल्या बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया केवळ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर झाली. पाच आठवड्यांनी ते बाळ गेले. शस्त्रक्रियेत वेदनाशामक दिलेच नव्हते, हे त्याची आई जिल लॉसन यांना नंतर कळले. त्यांनी ते जाहीरपणे मांडले आणि वैद्यकविश्वाला उत्तर द्यावे लागले.

शास्त्रीय उत्तर मात्र एका भारतीय डॉक्टरने दिले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले के. जे. एस. आनंद तेव्हा ऑक्सफर्डमध्ये होते. शस्त्रक्रियेनंतर बाळे इतकी ढासळलेली का परततात, हा त्यांचा प्रश्न. काही अकाली बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिले, काहींना रूढ पद्धतीप्रमाणे दिले नाही. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कित्येक पटींनी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही जास्त झाली. हा अभ्यास १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केले की नवजात बाळालाही भूल आणि वेदनाशामक द्यावे. वेदना न शमवणे ही सावधगिरी नसून स्वतंत्र इजा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

आपल्याकडचा इतिहास तर आणखी चमत्कारिक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन झोपवत, कारण पाळी चुकवली तर मजुरी बुडे. बाळ निपचित पडावे म्हणून अफू चालत होती. पुढे त्याच अफूपासून मिळणारे मॉर्फिन मोजून-मापून देण्याची वेळ आली, तेव्हा मात्र जगभरचे डॉक्टर कचरत होते.

आज काय दिले जाते?

एकच औषध भरपूर देण्याऐवजी तीन-चार उपाय थोडे-थोडे वापरतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच भूलतज्ज्ञ कमरेखालून मणक्याच्या टोकाजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात किंवा जखमेच्या कडा बधिर करतात. त्याने पहिले काही तास निभावतात. पुढे शिरेतून पॅरासिटामॉल, तेही बाळ रडल्यावर नव्हे तर ठरल्या वेळी. मोठे पोट उघडले असेल तर मॉर्फिन किंवा फेंटानिल अगदी बारीक मात्रेत, सुरुवातीचे दोन-तीन दिवस.

२०१३ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी छाती किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ७१ तान्ह्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतून पॅरासिटामॉल मिळालेल्या बाळांना एकूण ६६ टक्के कमी मॉर्फिन लागले. ही बचत महत्त्वाची, कारण नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे मॉर्फिन हळू बाहेर टाकतात. ते साचले तर श्वास मंदावतो, आतड्यांची हालचालही लांबते. जिथे आतडेच शिवलेले आहे, तिथे हे परवडत नाही. म्हणून मॉर्फिन चालू असलेल्या बाळाजवळ श्वासावर सतत नजर आणि त्यावरचा उतारा असलेले नॅलोक्सोन हाताशी लागते. काही दिवस चाललेले औषध एकदम बंद करत नाहीत, हळूहळू उतरवतात.

खरी मेख परिचारिकेच्या तक्त्यात

बाळ ‘इथे दुखतेय’ म्हणत नाही. मग मोजायचे कसे? यासाठी तयार मोजपट्ट्या आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या नवजात बाळांसाठी ‘क्राइज’ नावाची एक पट्टी १९९५ पासून वापरात आहे. रडणे, प्राणवायूची गरज, नाडी व रक्तदाब, चेहऱ्यावरचे भाव आणि झोप या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले, तर औषधाचा फेरविचार. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो परिचारिकेचा वेळ, आणि तो सर्वांत महाग. एका परिचारिकेकडे चारऐवजी दहा बाळे असतील, तर सर्वांत आधी हाच रकाना कोरा राहतो.

श्वासनळीत नळी असलेल्या बाळाचे रडणे ऐकूच येत नाही; फक्त कपाळावर आठी, घट्ट मिटलेले डोळे, आवळलेल्या मुठी दिसतात. आणि फार वेळ दुखत राहिलेले बाळ दमून गप्प होते. ‘किती शांत झोपलंय’ असे नातेवाईकांना वाटते, ते नेहमी खरे नसते.

दुसरी अडचण औषध मिळण्याची. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे इतके किचकट झाले होते की अनेक रुग्णालयांनी त्याचा नादच सोडला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ गटात आली, नियम सोपे झाले. मनातली भीती मात्र तितक्या चटकन सोपी झाली नाही.

पालघर जिल्ह्याला या विषयात बोलण्याचा थोडा अधिकार आहे. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला; तेव्हा जिल्हा ठाणे होता. दोष लवकर शोधा, हे त्याचे सूत्र. शोधलेल्या बाळाला वाटेत आणि शस्त्रक्रियेनंतर किती सोसावे लागते, याची नोंदही तितक्याच आग्रहाने मागायला हवी. शस्त्रक्रिया योजनेतून झाली म्हणून वेदनाशामक ही वरची चैन ठरत नाही.

आईबापांनी काय करावे?

विचारा : दुखण्यावर काय चालू आहे, दर किती तासांनी, आणि मोजते कोण? चिडू नका, पण उत्तर घ्या. परवानगी मिळाली की हात धुऊन एक तळवा बाळाच्या डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर स्थिर ठेवा. थोपटणे नको, नुसता आधार. टाच टोचण्यापूर्वी जिभेवर साखरपाण्याचे किंवा आईच्या दुधाचे थेंब देतात, त्याने टोचणीची कळ कमी होते. पण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही देणे बंद असते, त्यामुळे हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, आणि जखमेच्या वेदनेला हा उपाय पुरत नाही. बाळ स्थिरावले की आईने छातीशी धरणे सर्वांत चांगले.

घरी आल्यावर घुटी, मध, ग्राइप वॉटर, पोटाला तेल, शेक-शेगडी सगळे बाजूला. पॅरासिटामॉलचे थेंब वजनावर ठरतात. शेजारच्या बाळाची मात्रा आपल्याला चालत नाही आणि बाटल्यांतही तीव्रता वेगवेगळी असते. रुग्णालयाने लिहून दिलेली मात्रा, तीही मिलिलिटरमध्ये, सुटीच्या कागदावर आहे का ते निघण्यापूर्वीच पाहा. पुन्हा हिरवी उलटी, पोट टणक, ताप, दूध न ओढणे किंवा कवेत घेऊनही न थांबणारे रडणे, यांपैकी काहीही दिसले तर थेंब वाढवत बसू नका. त्याच रात्री बाळाला दाखवा.