श्रमदान करू, वेठ नाही

हरिहरेश्वरजवळच्या एका वाडीतल्या तरुणाने परवा मला विचारले, "दादा, पावसाळा संपला की डोंगरात सायकलींसाठी वाटा करायच्यात म्हणे. आपल्या पोरांना श्रमदानाला बोलावलंय. जायचं का?"

प्रश्न साधा वाटतो. आपल्यासाठी तो साधा नाही. वाट साफ करणे, प्रवाशाला वाट दाखवणे, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावी पोचवणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी मारलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. दरम्यान संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. तेव्हा फुकट कामाचे आवतण आले की मनात शंका येते, आणि ती रास्त आहे.

मग नाही म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. महाडवरून येणारी सावित्री याच हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क बजावल्याशिवाय मिळत नाही. आपण घरी बसलो तर वाट होईलच, फक्त ती आपल्याला वगळून होईल.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. तिथे चांगल्या रस्त्यांची चळवळ सायकलस्वारांच्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या संघटनेने पुढे नेली. त्याच संघटनेने १८९४ मध्ये काळ्या माणसांना सभासदत्व नाकारले. पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर हा काळा सायकलपटू जगज्जेता झाला. रस्ता सर्वांचा म्हणायचे आणि संघटनेचे दार बंद ठेवायचे, हा खेळ आपल्यालाही ओळखीचा आहे.

कोकणातल्या पावसात डोंगरवाट टिकवणे हे अकलेचे काम आहे. उतारावरून सरळ खाली काढलेली वाट पावसात खचून तिची घळ होते. ती डोंगराच्या अंगाने आडवी, खालच्या बाजूला किंचित कलती काढावी लागते, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाहेर उतरते. पुढे दरवर्षी चर मोकळे करावे लागतात, निसटलेले दगड पुन्हा बसवावे लागतात. पाणी कुठून उतरते हे वाडीतल्या माणसाला ठाऊक असते. पण आराखडा करताना त्याला कोण विचारतो? त्याची आठवण होते ती कुदळ धरायची वेळ आली की!

म्हणून जाण्याआधी चार प्रश्न विचारा. वाट कुठून न्यायची हे ठरवणाऱ्या बैठकीत आपली माणसे, त्यातही बाया, आहेत का? जमीन कोणाची आणि परवानगी लेखी आहे का? सायकली आल्यावर दुरुस्ती, वाटाड्याचे काम, राहण्या-जेवणाची सोय यांतली कमाई कोणाच्या घरात जाणार? आणि लाकूडफाट्याला जाणारी बाई, गुरे नेणारा पोरगा त्या वाटेवरून उद्याही जाणार ना? कलम १५(२) लोकांसाठी खुल्या असलेल्या विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करायला मनाई करते. हे आपल्या पोरांना पाठ हवे.

चारही उत्तरे नीट मिळाली तर ते श्रमदान. उत्तर टाळले तर ती वेठ, मग फलकावर काहीही लिहिलेले असो.

त्या तरुणाला मी सांगितले, "जा. पण कुदळीआधी बैठकीला जा. आणि वाट झाली की पहिल्याच दिवशी तुझी सायकल तिच्यावर दिसली पाहिजे."

जय भीम! जय संविधान!