निवड कसली?

मराठी पुरवण्यांमध्ये अधूनमधून एक वाद रंगतो : बाळ झाल्यावर आईनं नोकरी करावी की सोडावी? दोन्ही बाजूंनी समंजस बायका लिहितात आणि शेवटी ठरतं, की हा जिचा तिचा निर्णय. बीरगांवात बसून हे वाचताना मला आधी हसू येतं, मग राग.

बीरगांव रायपूरला चिकटलेलं आहे. पलीकडे उरला, त्यापुढे सिलतरा : स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलांचा पट्टा. अंगणात वाळत घातलेल्या दुपट्यांवर काळी भुकटी बसते. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी सगळी दुपटी आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवली. माझ्या शेजारणीकडे आतली खोलीच नाही.

ती ठेकेदाराच्या हजेरीवर कारखान्यात जाते. बाळ दोन महिन्यांचं असताना कामावर परतली. बाळाला आठ वर्षांची मोठी नोनी सांभाळते, त्यामुळे तिची शाळा बुडते. मितानिन येऊन सांगते, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण आई फाटकाच्या आत आणि बाळ बाहेर, त्याचं काय करायचं हे मितानिनच्या हातात नाही.

कायदा आहे की, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची अट तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे होती. म्हणजे बायका कमी ठेवा, पाळणाघर टळलं! २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ही चूक थोडी सुधारली : पन्नास कर्मचारी मोजायचे, बाई असो वा पुरुष, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं. सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजाही त्याच दुरुस्तीतली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाचा आकडा राहिला. मी शेजारणीबरोबर फाटकावर विचारायला गेले. उत्तर मिळालं, ‘ये हमारी नहीं, ठेकेदार की लेबर है.’ ठेकेदाराचं म्हणणं, माझ्याकडे पन्नास आहेत कुठे? फाटकातून शेकडो माणसं आत जातात. चार हजेरीपटांवर वाटली की ती मोजायला उरत नाहीत.

मग अंगणवाडी? ती दुपारपर्यंत, आणि तिथे बसायचं ते तीन वर्षांच्या पुढच्यांनी. त्याआधीच्या मुलांच्या वाट्याला पाकिटातला आहार. हा शब्द आपल्याला दिला ताराबाई मोडकांनी, म्हणून हे मला जास्त लागतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांत काम केलं. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबते म्हणून शाळेत येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच ठिकाणी आणली. विकासवाडी म्हणतात तिला. साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या दारासमोर तीच मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी आहे, आणि आपण ताराबाईंचा शब्द ठेवला, पाळणा तेवढा गाळला.

छत्तीसगडला हे जमत नाही असंही नाही. सरगुज्यात २०१२ च्या सुमारास फुलवाऱ्या सुरू झाल्या : सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरम जेवण, सांभाळायला गावातल्याच आया, आळीपाळीनं. मला त्या फार आवडतात. मात्र ‘आया मिळून करतील’ हे गावात चाललं तरी इथे चालायचं नाही. पाळीच्या दिवशी शेजारणीची मजुरी बुडेल, ती कोण देणार? फुकट सांभाळण्याचं कौतुक पुरे. सांभाळणारीला पगार हवा.

माझं मागणं साधं आहे. फाटकातून आत जाणारी डोकी मोजा, हजेरीपट नव्हे. त्या हिशेबानं कारखान्यांकडून पैसे घ्या. वस्तीतल्या अंगणवाडीला लागून पाळणाघर काढा आणि ते पाळीच्या वेळेइतकं उघडं ठेवा; कारखान्याच्या आवारात, त्या धुरात, नको. परवा हे मी एका ओळखीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, पण इतक्या लहान बाळाला आईपासून दूर ठेवायचं?’ आमच्या बोलण्याच्या वेळी दुपारचे तीन वाजले होते. शेजारच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि आत नोनी बाळाला थोपटत होती.