मुलाच्या प्रश्नाचा अधिकार

आपल्या मंडळ्यांतील काही वडीलधाऱ्या गृहस्थांचा असा आग्रह आहे की, शब्बाथशाळेत मुलांकडून सुवर्णवचने बिनचूक पाठ करवून घेतली, वार्षिक परीक्षेचा निकाल चांगला लागला आणि हजेरीत खाडा नसला, म्हणजे धर्मशिक्षणाचे कर्तव्य पुरते बजावले गेले. अध्यात्म पुढे यथावकाश उगवेल. पाठांतराचा मी द्वेष्टा नाही. बालपणी कंठस्थ झालेले तेविसावे स्तोत्र मरणशय्येवरही ओठांवर येते. परंतु ते घडाघडा म्हणून बक्षीस मिळवणाऱ्या नगरकडच्या मुलाने चुकार मेंढरू वळवणारी धनगराची काठी रोज पाहिलेली असूनही, त्या काठीचा मेंढराला दिलासा कसा वाटावा, हा प्रश्न त्याच्या मनात कोणी उठूच दिला नसेल, तर त्याच्या पदरी केवळ शब्द पडले.

वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत ही शास्त्राचीच आज्ञा आहे, असे प्रतिपक्ष म्हणतो. आज्ञा खरी, पण अनुवादाच्या सहाव्या अध्यायात ती वचने आधी आईबापांच्या अंतःकरणात असावीत अशी अट आहे, आणि ती बोलण्याची स्थळे घर व वाट, वेळा निजण्याच्या व उठण्याच्या, त्या तपशिलात परीक्षेचा उल्लेख नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात तर वल्हांडणाचा विधी प्रथम, मग त्याचा अर्थ विचारणारे मूल आणि त्यानंतर सुटकेची हकीकत, असा क्रम आहे. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलवले तेही अशाच प्रश्नाची तजवीज म्हणून. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने व्याख्या दिली नाही. शोमरोन्याची कथा सांगून उलट त्यालाच प्रश्न केला.

गोव्यात फादर स्टीफन्स यांना हे मर्म उमगले होते. साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांना प्रश्नोत्तररूप धर्मतत्त्वे शिकवली जात असताही जुन्या पुराणांची उणीव भासत होती. ती भरण्यासाठी त्यांनी 1616 साली ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले.

प्रश्नांना मोकळीक दिल्यास अश्रद्धा फोफावेल, ही भीती मला तरी शास्त्रापेक्षा शिक्षकाच्या अपुऱ्या तयारीतून आलेली दिसते. ईयोबाचा आक्रोश शास्त्रातून वगळलेला नाही आणि संशयी थोमाला प्रभूने आपले हात दाखवले. तेव्हा परीक्षा खुशाल घ्यावी, पण दर रविवारी अखेरची दहा मिनिटे मुलांच्या प्रश्नांसाठी राखावीत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर शिक्षकाने तसे सांगून पुढच्या रविवारी ते घेऊन यावे.