‘शिल्पसदृश’ या विशेषणाविषयी

येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे पुतळे आहेत, तशी चित्रेही आहेत. पुतळ्याभोवती फिरता येते. चित्राला मागची बाजू नसते. हा साधा भेद आपली समीक्षा विसरते. मानवाकृतीचे चित्र आवडले की त्याला ‘शिल्पसदृश’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय वर्गांतूनही रुजवली जाते. तिला आमचा विरोध आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी घ्या. त्याच्या देहाला गोलाई आहे, हे कोण नाकारील? प्रश्न ती येते कशी, हा आहे. सा. ल. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रात प्रकाशाचा उगम दिसतो; छाया त्याच्या हिशेबाने पडते. पद्मपाणीवर असा एका दिशेचा प्रकाश नाही. रेषेलगत रंग गडद होतो, नाक-हनुवटीवर उजळतो आणि अवयव पुढे येतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या छायाक्रियेला ‘वर्तना’ म्हणते व तिचे तीन प्रकार सांगते. म्हणजे ही गोलाई चित्रकलेची स्वतःची कमाई आहे. छिन्नीकडून घेतलेली उसनवारी नव्हे.

कोणी म्हणेल, त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे, दोन्ही कलांची प्रमाणे एकच. मान्य. पण त्याच पुराणात वज्र राजा मूर्तिकलेविषयी विचारतो, तेव्हा मार्कंडेय त्याला आधी चित्रसूत्र जाणून घ्यायला सांगतो. परंपरेने चित्राला मूर्तीचा पाया मानले. आम्ही मात्र मूर्तीशी साम्य दाखवून चित्राला बढती देतो.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. एकोणिसाव्या शतकात नकला करताना या भित्तिचित्रांवर वार्निश चढले. १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. पुढे तो पिवळा-तपकिरी झाला. त्या काळवंडलेल्या थराखालच्या देहाला ‘ब्राँझसारखा’ म्हणून गौरवणारा कदाचित वार्निशाचीच स्तुती करत असतो, आणि लेपाखाली दबलेला मूळ रंगांचा नाजूक फरक त्याला जाणवतही नाही. ज्याची उणीव भासत नाही, ते जपण्याचा आग्रह कोण धरणार?

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच: ‘शिल्पसदृश’ लिहिण्यापूर्वी रेषा कुठे जाड होते, रंग कुठे गडद होतो, कुठे उजळतो, ते लिहा. त्यानंतरही त्या विशेषणाची गरज उरली, तर खुशाल वापरा.