गुप्तदान फक्त बाईनेच करायचं का?

मीरा-भाईंदरमध्ये बसस्टॉपच्या शेडवर नाव असतं. बागेतल्या बाकड्यावर नाव असतं. ‘आमदार निधीतून’, ‘नगरसेवकांच्या प्रयत्नांतून’, सोबत हात जोडलेला फोटो. पैसा तुमच्या-माझ्या कराचा, नाव त्यांचं. पण ही शेड, ही बाग, हे वॉर्ड ऑफिस ज्या जमिनीवर उभं आहे, ती आधी कुणाची होती? असा बोर्ड मी तरी पाहिलेला नाही.

इथे 1985 मध्ये नगरपरिषद आली, 2002 मध्ये महापालिका. त्याआधी ग्रामपंचायती होत्या, भातशेती होती, मिठागरं होती. शहर हवेत उभं राहत नाही. कुणाचा तरी सातबारा बदलतो तेव्हा ते उभं राहतं.

त्यात देणारी बाई असेल तर विसरणं आणखी सोपं. माहीम-बांद्रा कॉजवे घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी 1,57,000 रुपये दिले. अट एकच: इथून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये रस्ता खुला झाला. त्यांच्या स्मरणार्थ माहीमच्या रस्त्याला नाव काय दिलं? लेडी जमशेटजी रोड. पैसे अवाबाईंचे, नाव नवऱ्याचं. आता तर तो नुसता ‘एल. जे. रोड’ झालाय.

दहिसर टोलनाक्यावर वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्याला त्या अटीची किंमत कळायला हवी. तिथला लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाला. एका बाईला हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं.

‘दान दिलं ना, मग नाव कशाला? गुप्तदानच श्रेष्ठ,’ असं कुणीतरी म्हणणारच. ठीक आहे. मग आधी बाकड्यांवरची नावं पुसा. स्वतःचं काही न देणाऱ्याचं नाव ग्रॅनाइटवर आणि देणारीने मात्र निरिच्छ राहायचं, ही कुठली नीती?

शिवाय बाईचं देणं जास्त मोठं असतं, कारण मुळात तिच्या नावावर जमीनच कमी असते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत महिला होत्या जेमतेम 14 टक्के.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ओपन सोर्स कोड फुकट वापरता येतो, पण बहुतेक लायसन्समध्ये लिहिणाऱ्याचं नाव आणि अटी काढून टाकता येत नाहीत. हा भावनेचा प्रश्न नाही. अट पुसली गेली की उद्या त्या गोष्टीचं काहीही करता येतं. जमिनीचंही तेच. शाळेसाठी दिलेली जागा वीस वर्षांनी कमर्शियल गाळ्यांसाठी गेली, तर विचारणार कोण? मूळ अट कुणाला माहीतच नसेल, तर कुणीच नाही.

म्हणून मला पुतळा नकोय, चौकाचं नामकरण नकोय. प्रत्येक पालिका इमारतीच्या दारात एक साधी पाटी हवी: सर्व्हे नंबर, जमीन कुणाकडून आली, बक्षीसपत्राने की भूसंपादनाने, कोणत्या कामासाठी. देणारी बाई असेल तर तिचं स्वतःचं पूर्ण नाव. हीच माहिती पालिकेच्या वेबसाइटवरही. कागद दप्तरात असतातच, फक्त बाहेर आणायचेत.

तोपर्यंत तुम्ही एक करा. आपल्या वॉर्ड ऑफिसच्या जागेबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं काम आहे.