वातानुकूलित अज्ञान

मराठी समीक्षेत ‘वातानुकूलित’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. लेखन जीवनापासून तुटलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. शिवी देणाऱ्यांना आणि ती मुकाट्याने खाणाऱ्यांनाही ते यंत्र ठाऊक नसते, हा आमचा आक्षेप आहे. विलिस कॅरिअरने १९०२ साली ते आखले ते माणसांच्या सुखासाठी नव्हे, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. हवेतल्या दमटपणाने तिथे कागद फुगे-आक्रसे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. ज्याला आपण साहित्याचा शत्रू ठरवले, ते यंत्र मुद्रणाच्या गरजेतून जन्मले.

हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते, वर कंप्रेसरची भर घालते. आपला गारवा शेजाऱ्याच्या खिडकीशी झळ होऊन पोचतो. फिल्टरची जाळी धुळीने भरली की हवा अडते, वीज अधिक जळते आणि खोली उकडतच राहते. जाळी धुऊन सावलीत वाळवायला पांडित्य लागत नाही. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ ही तर लोणकढी थाप. गॅस बंद नळ्यांत फिरतो, संपत नाही. कमी झालाच तर आधी गळती शोधावी.

संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्यांनी आपल्या भिंतीवरचे यंत्रही वाचावे. आपल्या गारव्याची झळ कोणाला लागते हे ज्यांनी कधी पाहिले नाही, त्यांच्या सामाजिक जाणिवेवर आम्ही विश्वास कसा ठेवावा?