पाहुणचाराची किंमत कोणी मोजायची?

पर्यटन म्हणजे बिनधुराचा कारखाना, असे सांगण्याची विकसनशील देशांच्या राज्यकर्त्यांना मोठी हौस असते. समुद्र, ऊन आणि डोंगर निसर्गाने आयते दिलेले. पाहुणे बोलावले की परकीय चलन दारात, असा हा सरळ हिशेब. परंतु हा कारखाना बंद पडला तर पहिल्यांदा उपाशी कोण राहतो, हा प्रश्न त्या हिशेबात नसतो. श्रीलंकेच्या जनतेने त्याचे उत्तर स्वतः सोसून दिले आहे.

१९७७ साली जयवर्धने सरकारने अर्थव्यवस्था खुली केली आणि पर्यटनाला चालना मिळाली. २०१८ साली तेथे २३ लाखांहून अधिक पर्यटक आले व देशाला सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले. परदेशांत राबणाऱ्या श्रमिकांनी घरी धाडलेला पैसा आणि तयार कपड्यांची निर्यात यांच्या खालोखाल हाच चलनाचा आधार होता. तो किती ठिसूळ आहे, हे तीनच वर्षांत दिसले. २१ एप्रिल २०१९ रोजी चर्च व हॉटेलांत बाँबस्फोट झाले. २०२० साली महामारी आली. २०२१ साली पर्यटक दोन लाखांच्या आत आणि उत्पन्न ५० कोटी डॉलरच्या आसपास घसरले. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

या दिवाळखोरीचे सारे खापर पर्यटनावर फोडणे अन्यायाचे होईल. महागडे व्यापारी कर्ज, २०१९ अखेरची करकपात आणि २०२१ मधील रासायनिक खतांवरील बंदी ही राज्यकर्त्यांचीच करणी होती. पण कर्ज डॉलरमध्ये फेडायचे आणि त्यासाठीचे डॉलर पाहुण्यांच्या मर्जीवर अवलंबून, अशी रचना एकदा उभी राहिली की दूरच्या संकटाचाही घाव घरातल्या चुलीवर बसतो. तेथील हॉटेल कामगारांच्या कमाईचा मोठा भाग दहा टक्के सेवाशुल्काच्या वाट्यातून येतो. पाहुणा थांबला, तसा हा वाटाही थांबला.

उलट दिशेचा परिणाम याहून बोलका आहे. २०२२ साली डॉलरचा भाव दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या वर गेला आणि सप्टेंबरात महागाईने सत्तर टक्क्यांची पातळी गाठली. जे पाहुण्याला स्वस्त झाले, तेच यजमानाला महाग झाले. २०२४ साली पर्यटक पुन्हा वीस लाखांवर पोहोचले. त्याच वर्षाच्या आरंभी मूल्यवर्धित कर १८ टक्के करण्यात आला. पर्यटकांचे आकडे सावरले, म्हणजे कष्टकऱ्यांचे घर सावरले असे नव्हे.

जमिनीचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यालगत शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात घरे पुन्हा बांधण्यास सरकारने मनाई केली. ती मच्छीमारांच्या झोपड्यांना लागू आणि हॉटेलांना सवलत, अशा तक्रारी तेव्हा उठल्या. पुढे नियम सैल झाले. पण किनारा कोणाच्या पोटासाठी आणि कोणाच्या करमणुकीसाठी, हा प्रश्न मिटला नाही.

श्रीलंकेत जाणाऱ्या पर्यटकांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. त्यामुळे हा धडा शेजारच्या घरातला म्हणून सोडून देता येणार नाही. १९९७ साली ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गालाही तीच कसोटी लागू आहे. पर्यटनाला विरोध करण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाचे स्वागत हा संस्कृतीचाच भाग आहे. मात्र किनाऱ्यावरील जमिनीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम असावा, हंगाम बुडाला तरी कामगाराला निर्वाहाची हमी असावी आणि शेती, मासेमारी व लघुउद्योग यांचा बळी देऊन हॉटेले उभी राहू नयेत, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी गावोगाव उभे राहिले पाहिजे. किती पाहुणे आले, हे सरकार मोजतेच. त्यांच्या पैशातले गावात किती उरले, हे जनतेने मोजायचे आहे.